नहर-ए-अंबरी: लातूरकरांनी पाहिलेले चारशे वर्षांपूर्वीचे पाणी

लातूरच्या माणसाला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये आमच्या शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लागले होते. मांजरा धरण आटले होते. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा टाक्या, एकेका टाकीत ५० हजार लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी संडासाला, असा हिशेब चालायचा. मुलांना महिनाभर नांदेडला फूफीकडे ठेवले होते. गोदावरीकाठी राहणारी फूफी अजूनही आम्हाला चिडवते, "लातूरला गेलं की लोक चहा लगेच देतात, पाणी मागितलं की जरा विचार करतात."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. धाकट्याचा जन्मच त्या सालचा, त्यामुळे त्याला ती रेल्वे फक्त ऐकून माहीत. पण पाण्याचा प्रश्न यंदा आमच्या घरात वेगळ्याच वाटेने आला. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या अंगणात एक जुनी दगडी विहीर आहे. बोअर घेतल्यापासून तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिच्यात पालापाचोळा, प्लास्टिक, बांधकामाचा उरलेला राडा असे सगळे जाऊन पडते. मशीद कमिटीत ठराव आला की विहीर बुजवावी आणि तिथे दोन दुकाने काढावीत. भाडे येईल, त्यातून इमामसाहेबांचा पगार नीट भागेल. ठराव काही वाईट हेतूने आला नव्हता. पगाराची ओढाताण खरीच आहे. अब्बा कमिटीत आहेत. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. फक्त म्हणाले, "दिवाळीची सुट्टी होऊ द्या, मग बोलू."

त्याच सुट्टीत आम्ही सहल काढली. लातूरचे सहा आणि फूफीकडचे पाच. दरवर्षी लग्ना-अकीक्याला भेटतो, या वेळी पाणी पाहायला जायचे ठरले. हे सुचले फुप्पांना. ते म्हणाले, "तुम्ही लातूरवाले पाण्यासाठी रडता. चला, ज्या माणसाने डोंगरातून पाणी आणून शहर वसवलं, त्याचं काम दाखवतो." तो माणूस म्हणजे मलिक अंबर आणि ते काम म्हणजे औरंगाबादची (आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी.

लातूरहून नांदेडला जाताना वाट थोडी वाकडी करून कंधारला थांबलो. कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आधार नाही म्हणून पाण्याचा आधार घेतलेला. भोवती रुंद खंदक आहे. गावाला लागून मोठा तलाव आहे, जगत्तुंग सागर. तो राष्ट्रकूटांच्या काळचा. राजा तिसरा कृष्ण याच्या काळातल्या कंधारच्या शिलालेखात त्याचा 'जगत्तुंग समुद्र' म्हणून उल्लेख येतो. म्हणजे हजार वर्षांहून जुना. पुढे बहमनी आले, निजामशाही आली, मोगल आले, आसफजाही आली. किल्ल्यात प्रत्येकाने आपापले काही बांधले, तलाव मात्र सगळ्यांनी तोच वापरला. हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यावर फातिहा पढून आम्ही तलावाच्या काठी डबे सोडले. दादीने पाण्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "हे आमच्या लातूरला असतं तर ती रेल्वे कशाला लागली असती?"

रात्री फूफीकडे मुक्काम केला आणि सकाळी नांदेडहून तपोवन एक्स्प्रेस धरली. पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना. खिडकीतून कापूस वेचणाऱ्या बायका दिसत होत्या. दुपार कलताना औरंगाबादला उतरलो.

पहिल्यांदा पाणचक्की पाहिली. ती नहर-ए-अंबरीपेक्षा सुमारे शंभर वर्षांनी नंतरची, अठराव्या शतकातली. पण मुलांना पाण्याची ताकद समजायला तिथूनच सुरुवात करावी, असे फुप्पांचे म्हणणे होते आणि ते बरोबर ठरले. बुखाऱ्याच्या बाजूने आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया. इथे मशीद आहे, मदरशाच्या खोल्या आहेत, मुसाफिरखाना आहे, मोठा लांबट हौद आहे आणि त्याच्या एका टोकाला चक्की. पाणी कित्येक किलोमीटर लांबून, हर्सूलकडच्या बाजूने, मातीच्या नळांतून येते. उंचावरून चाकाच्या पात्यांवर पडते, चाक फिरते आणि वरचा दगड फिरतो. त्या पिठावर फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांचे जेवण होत असे. वीज नाही, बैल नाही, माणसाचा हात नाही.

दादीने लहानपणापासून जाते ओढलेले. ती चक्कीजवळ उभी राहिली ती हलेना. "आम्ही पहाटे उठून दोन दोन पायली दळायचो," ती नातींना सांगू लागली. "खांदे भरून यायचे. आणि इथे बघा, पाणीच दळतंय."

पाणचक्कीची आणखी एक गंमत आहे. हौदाच्या खाली मोठे दालन आहे. हौदाचा तळ म्हणजे त्या दालनाचे छत. वर पाणी भरलेले, खाली माणसे बसलेली. त्यामुळे भर उन्हाळ्यातही खाली गारवा राहायचा आणि वाटसरू तिथे विसावायचे. असरची नमाज आम्ही तिथल्याच मशिदीत पढली. याच आवारात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे, हे पाहून अब्बा थोडे थांबले. वक्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जमीन, दुकाने, भाडे, कोर्टाच्या तारखा येतात. इथे वाहते पाणी हीच वक्फची दौलत होती. दळलेले पीठ भुकेल्याच्या ताटात जायचे.

दुसऱ्या दिवशी नहर. फुप्पांच्या ओळखीचे, इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर आमच्यासोबत आले. दिल्ली दरवाजा, सलीम अली तलाव, हिमायत बाग हे डाव्या-उजव्या हाताला ठेवत आम्ही उत्तरेला हर्सूलच्या अंगाने निघालो.

सरांनी आधी माणसाची गोष्ट सांगितली. मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. जन्म १५४८ च्या सुमाराचा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे करत दख्खनला पोचला. अहमदनगरच्या निजामशाहीतला वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही हबशीच. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा राज्य संपल्यातच जमा होते. ते मलिक अंबरने पुन्हा उभे केले आणि अकबर, जहांगीर यांच्या फौजांशी पाव शतक झुंज दिली. जमिनीची मोजणी करून शेतसारा बसवण्याची त्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे नावाजली गेली. मालोजीराजे आणि शहाजीराजे त्याच्याच काळातले निजामशाहीचे सरदार. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला. पाण्याचा त्याचा अभ्यास असा लढाईतही कामी आला.

१६१० मध्ये त्याने खडकी गाव राजधानीसाठी निवडले. नावाप्रमाणेच खडकाळ. खाम नदी जवळ होती, पण तेवढ्यावर राजधानीची तहान भागणार नव्हती. मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी हेरले आणि ते जमिनीखालून शहरात आणायचे ठरवले. दरबारातले लोक यावर हसले होते, अशी आख्यायिका आहे. काही वर्षांत नहर वाहू लागली आणि हसणारे तेच पाणी पिऊ लागले.

एका झाडीत सरांनी आम्हाला थांबवले. विहिरीच्या लहान कठड्यासारखे दगडी तोंड होते. अब्बांनी मोबाइलचा टॉर्च आत मारला. खाली पाणी चमकले आणि त्याचा बारीक आवाज आला. आम्ही अकरा जण एकदम गप्प झालो. डोक्यावर ऊन, भोवती खडक आणि पायाखाली पाणी चाललेले. धाकट्याने कठड्यावर ओणवे होऊन विचारले, "इसकू मोटर किदर है?"

मोटर नाहीच, हेच तर त्यातले मर्म. सरांनी समजावले ते असे. डोंगराकडे जमीन उंच आहे. पावसाचे पाणी तिथल्या मुरुमात झिरपते. तिथे विहिरी घेऊन त्यांचे पाणी एका भुयारी बांधीव पाटात सोडले. पाटाला अगदी हलका उतार ठेवला. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर अशी तोंडे ठेवली, आत हवा जावी आणि माणूस उतरून गाळ काढता यावा म्हणून. अशा सुमारे १४० तोंडांची नोंद सापडते. नहरीची लांबी जुन्या मोजणीत अडीच मैल सांगतात. पाणी जमिनीखालून जात असल्याने उन्हाने आटत नाही, वरून घाण पडत नाही आणि शत्रूला दिसतही नाही.

"पण मग पाणी हौदात वर कसं चढतं?" हा मोठीचा प्रश्न. ती अकरावीला विज्ञान शाखेत आहे. शहराजवळ काही ठिकाणी दगडी मनोरे दिसतात. त्यांच्या एका अंगाने पाणी नळातून वर चढते, माथ्यावरच्या कुंडीत पडते आणि दुसऱ्या अंगाने खाली उतरून पुढे जाते. याचे उत्तर सरांच्या आधी चाचांनी दिले. चाचा गवंडीकाम करतात. ते म्हणाले, "बेटा, पाया घेताना आम्ही पाण्याची पारदर्शक नळी धरतो ना? दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, मधली नळी कितीही खाली लोंबू दे. इथे एक टोक डोंगरात आहे आणि दुसरं या मनोऱ्यात. डोंगरातलं टोक उंच आहे, म्हणून पाणी इथे चढतं." सर म्हणाले, "वर्गात वीस वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं मला कधी जमलं नाही." मनोऱ्याच्या माथ्यावर पाणी उघडे पडते, तेव्हा नळात अडकलेली हवा निघून जाते आणि दाब वाढून नळ फुटत नाहीत. तिथूनच वेगवेगळ्या मोहल्ल्यांना फाटे काढता येतात.

ही विद्या एकट्या औरंगाबादची नाही. इराणमध्ये तिला कनात किंवा कारेझ म्हणतात आणि २०१६ मध्ये तिथल्या अकरा कनातींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. ज्या वर्षी आमच्याकडे रेल्वेने पाणी आले, तेच हे वर्ष. आपल्या उदगीरपासून जवळच असलेल्या बीदरला बहमनी काळातले कारेझ आहे. बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला कुंडी भंडारा आहे. मलिक अंबरच्या नहरीनंतर औरंगाबादेत पाणचक्कीची, थत्ते हौदाची, पळशीची अशा आणखी नहरी झाल्या आणि त्यांच्या जोरावर मोगलांचे मोठे शहर इथे नांदले.

आजची स्थिती मात्र पाहवत नाही. नहरीवर घरे झाली आहेत. कुठे सांडपाण्याचा पाइप तिच्यात सोडलेला, कुठे झाडांची मुळे आत शिरलेली, कुठे बोअर घेताना भुयारच फुटलेले. काही मनोरे पडले, काहींच्या भिंती शेजारच्या बांधकामात गेल्या. तरीही काही ठिकाणी पाणी अजून वाहते आहे. शहर आता जायकवाडीचे पाणी पिते. ते पंपाने चढवून आणावे लागते आणि नळाला कित्येक दिवसांनी येते. एवढ्या मोठ्या शहराची तहान जुन्या नहरी आज भागवू शकणार नाहीत, हे सरांनीही मान्य केले. "पण बागा, मशिदी, बांधकाम, धुणीभांडी यांना हे पाणी पुरेल. तेवढा भार तरी धरणावरून उतरेल," असे त्यांचे म्हणणे.

परतीच्या दिवशी खुलदाबादला गेलो. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर तिथेच, गावाबाहेर. औरंगजेब बादशहाची साधी कबर पाहायला गर्दी होती. मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी आमच्याशिवाय दोन शेळ्या आणि एक गुराखी. आम्ही दुआ केली. अब्बा म्हणाले, "बाजारात विकला गेलेला मुलगा. त्याच्याकडे ना घराणं, ना वतन. त्याच्या मुलाने शहराला फतेहनगर नाव दिलं, तेही टिकलं नाही. नहर राहिली." सदका-ए-जारिया हा शब्द आपण लग्नपत्रिकेइतक्या सहज वापरतो. हजरत साद बिन उबादा यांनी वारलेल्या आईच्या सवाबासाठी कोणता सदका उत्तम, असे विचारले तेव्हा हुजूरांनी (स.) पाणी सांगितले आणि त्यांनी विहीर खोदली, हे आपण बयानात ऐकतो. हजरत उस्मान (र.) यांनी मदिन्यात रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली, हेही ऐकतो. ऐकून घरी येतो आणि मशिदीतला नळ सुरू ठेवून गप्पा मारत वजू करतो.

लातूरला परतल्यावर एका रविवारी मुलांना औशाला नेले. घरापासून वीस किलोमीटर. मलिक अंबरने औसा घेतले तेव्हा गावाला अंबरापूर नाव दिले होते, हे सरांकडून कळले होते. किल्ल्यात मोठा हौद आहे आणि त्याच्या तळाखाली दालन. धाकटा आत शिरताच ओरडला, "दादी, हे तर पाणचक्कीसारखं!" आम्ही औशाला लग्नांना शंभर वेळा गेलो असू. किल्ला बसच्या खिडकीतूनच पाहिला होता.

मग कमिटीची बैठक झाली. अब्बांनी भाषण केले नाही. चाचांना सोबत नेले आणि हिशेब मांडला. मशिदीचे छत सुमारे ३००० चौरस फुटांचे. १००० चौरस फुटांवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५ हजार लिटर पाणी होते. म्हणजे आपल्या छतावरून वर्षाला पावणेदोन-दोन लाख लिटर पाणी गटारात जाते. ते गाळून विहिरीत सोडले तर विहीर जगेल, आणि शेजारच्या बोअरलाही आधार होईल. दुसरा हिशेब मोठीने केला होता. तिने चाचांकरवी मशिदीच्या वजूखान्यात नळाखाली बादली ठेवून मोजले. एका वजूला साडेचार लिटर पाणी गेले. हुजूर (स.) एक मुद पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये येते. मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर.

बैठकीत वाद झाला. एका बुजुर्गांनी सरळ विचारले, "पाण्याने पगार भागतो का?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्यावर तोडगा असा निघाला की दुकाने अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला काढायची. दोनाऐवजी एकच होईल. भाड्यात जी तूट येईल ती काही घरांनी महिन्याला ठरावीक रक्कम देऊन भरून काढायची. पंधरा घरांनी नावे दिली, त्यात आमचे एक. तूट अजून पूर्ण भरलेली नाही. विहीर बुजवण्याचा ठराव पुढच्या रमजानपर्यंत थांबवला आहे, रद्द झालेला नाही.

मधल्या काळात गाळ काढायचे काम सुरू झाले. चाचा आणि मोहल्ल्यातली पोरे चार रविवार खपली. राड्याच्या नऊ ट्रॉल्या निघाल्या. चौथ्या रविवारी तळाला ओल लागली. छताच्या पाइपांचे काम मृगाच्या आधी उरकायचे आहे.

आपल्यापैकी कोणाला नहर पाहायला जायचे असेल तर दिवाळीनंतरचे दिवस बरे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, आत पाणी दिसते. टॉर्च न्या, लहान मुलांचा हात सोडू नका, तोंडे उघडी असतात. पाणचक्कीला दोन तास तरी द्या. आणि जाण्याआधी आपल्या मोहल्ल्यात एक फेरी मारा. मशिदीच्या, दर्ग्याच्या, जुन्या वाड्याच्या आवारात एखादी विहीर किंवा बारव नक्की असेल. ती कोणी बांधली, शेवटचे पाणी तिच्यातून कोणी शेंदले, हे सांगणारी एखादी दादी-नानी अजून घरात असेल. तिला आधी विचारून घ्या.